‘त्यांच्या रक्तातच असते’ : पाळवणकर बाळू आणि एका कौतुकाचा इतिहास

१/ आजचा धागा नेहमीपेक्षा थोडा वेगळा आहे. यात इतिहास आहेच. पण त्याची सुरुवात माझ्या शाळेच्या मैदानावर होते आणि शेवटही तिथेच होतो. मधल्या प्रवासात पुणे, मुंबई, बर्लिन आणि खुलताबाद लागेल. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/ शिरूर अनंतपाळ हे लातूर जिल्ह्यातले लहानसे तालुक्याचे गाव. नववीत असताना मी आठशे मीटर धावत असे. माझ्याच वर्गात जवळच्या तांड्यावरची एक मुलगी होती. तिचे आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जात आणि ती आजीजवळ राही. तालुक्याच्या स्पर्धेत ती पहिली आली, मी दुसरी. माझ्या पायांत बूट होते, माझ्यासाठी सरावाचे वेळापत्रक होते, सकाळी सहाला घड्याळ घेऊन उभे राहणारे सर होते. तिच्याकडे यातले काहीच नव्हते.

३/ मी सरांना विचारले होते, तिला का बोलावत नाही? ते हसून म्हणाले, “तिला काय शिकवायचं? तांड्यावरची पोर ती. पळणं त्यांच्या रक्तातच असतं.” मला ते कौतुक वाटले. प्रामाणिकपणे सांगायचे तर दिलासाही वाटला. रक्तापुढे हरण्यात कसली आली लाज?

४/ पुढे लातूरला जिल्हास्तरावर आम्ही दोघी धावलो. तिने पहिली फेरी जीव तोडून काढली आणि शेवटच्या दोनशे मीटरमध्ये ती मागे पडत गेली. पहिली फेरी राखून धावायची असते, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. मला सांगितले होते. परतताना गाडीत सर म्हणाले, “दम आहे, पण डोकं नाही.” आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

५/ पदव्युत्तर अभ्यासासाठी वसाहतकालीन मुंबई इलाख्यातील खेळांविषयी वाचू लागले, तेव्हा ही दोन वाक्ये मला पुन्हा भेटली. ‘त्यांच्या रक्तातच असते’ आणि ‘पण डोके नसते’. ही दोन वेगळी मते नसून एकाच वाक्याचे दोन अर्धे भाग आहेत, हे मला एका माणसाच्या चरित्रामुळे उमगले. त्याचे नाव पाळवणकर बाळू.

६/ बाळूंचा जन्म १८७६चा, धारवाडचा. कुटुंब चर्मकार समाजातले, म्हणजे त्या काळच्या व्यवस्थेने ‘अस्पृश्य’ ठरवलेले. वडील लष्करात नोकरीला. पुण्यात आल्यावर बाळूंना पहिले काम मिळाले ते पारशांच्या एका क्रिकेट क्लबात. खेळपट्टी झाडायची, तिच्यावर रोलर फिरवायचा आणि कधीमधी सभासदांना चेंडू टाकायचा. पगार महिना तीन रुपये. १८९२च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेले. तिथे पगार चार रुपये झाला.

७/ या क्लबात जे. जी. ग्रेग नावाचा लष्करी अधिकारी होता. मुंबई इलाख्यातल्या युरोपीय संघाचा तो सर्वांत भरवशाचा फलंदाज. तो इतरांच्या तासभर आधी मैदानावर येई आणि बाळूंची गोलंदाजी खेळत बसे. बाळूंनी त्याला बाद केले की तो दर वेळी आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका सोडली तरी मागे उरते ते पुरेसे आहे : इलाख्यातल्या उत्तम फलंदाजाला, रोज, तासन्‌तास, वर्षानुवर्षे केलेली गोलंदाजी. डावखुरी मंद फिरकी, चेंडूला दिलेली उंची, दोन्ही बाजूंना वळवण्याची हातोटी हे सारे या जाळीतल्या उमेदवारीत घडले.

८/ आता याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. साहेबांना इतके तास चेंडू टाकणाऱ्या या तरुणाच्या हाती त्या क्लबात सरावासाठी बॅट कधीच दिली गेली नाही. फलंदाजी हा साहेबांचा आनंद, गोलंदाजी हे नोकराचे कष्ट. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्या वाट्याला अशी नोकरी आली नाही आणि ते त्या काळचे नामांकित फलंदाज झाले. आईबाप तेच, रक्त तेच. मग एक भाऊ गोलंदाज आणि दुसरा फलंदाज का झाला, याचे उत्तर रक्तात शोधायचे की हाती काय दिले गेले त्यात?

९/ पुण्यातल्या हिंदू क्लबाला साहेबांना हरवायचे होते, म्हणून बाळूंना संघात घेतले गेले. मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांनी हाताळलेला चेंडू हाताळत. चहाच्या सुटीत मात्र त्यांना मंडपाबाहेर मातीच्या पात्रात चहा मिळे. जेवणाचे ताट वेगळे, बसायची जागा वेगळी. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता. पुढे न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या सुधारकांनी हा भेद जाहीरपणे खोडून काढायचा प्रयत्न केला.

१०/ १८९६मध्ये पुण्यात प्लेग आला आणि बाळू मुंबईला गेले. तिथल्या हिंदू जिमखान्याकडून ते खेळू लागले. फेब्रुवारी १९०६मध्ये हिंदू संघाने युरोपीय संघाला १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. १९११मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. विल्फ्रेड ऱ्होड्स या इंग्लंडच्या महान डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाशी त्यांची तुलना होऊ लागली. परतल्यावर मुंबईतल्या दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराशी तरुण भीमराव आंबेडकरांचेही नाव जोडलेले आहे.

११/ एवढे कर्तृत्व असून बाळू हिंदू संघाचे कर्णधार कधीच झाले नाहीत. १९१३मध्ये कर्णधारपद मिळालेले एम. डी. पै यांनी स्वतः सांगितले की हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी बाळूंना मिळायला हवा होता. १९२०मध्ये कर्णधारपदाच्या प्रश्नावर विठ्ठल आणि शिवराम हे बंधू जाहीरपणे संघाबाहेर पडले. अखेर तडजोड झाली आणि बाळूंना उपकर्णधार करण्यात आले. १९२३मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघाने ती स्पर्धा जिंकली. तोवर बाळूंच्या उमेदीची तीस वर्षे सरली होती.

१२/ ‘यांच्या अंगी कसब आहे, पण नेतृत्व यांचे नव्हे’ हा विचार फक्त जातीच्या चौकटीत राहिला नाही. इंग्लंडमध्ये पैसे घेऊन खेळणारा कष्टकरी ‘प्लेअर’ आणि हौशी ‘जंटलमन’ असे दोन वर्गच होते. कर्णधार हौशीतला असावा, हा तिथला संकेत. विसाव्या शतकात इंग्लंडचा पहिला व्यावसायिक कर्णधार लेन हटन झाला, तो १९५२मध्ये, आणि तेही भारताविरुद्धच्या मालिकेत. वेस्ट इंडीजचा संघ कृष्णवर्णीय खेळाडूंच्या जोरावर जिंकत असे. पण संपूर्ण मालिकेसाठी कृष्णवर्णीय कर्णधार नेमायला १९६० साल उजाडले. तो फ्रँक वॉरेल.

१३/ इथे रणजितसिंहजींचे उदाहरण उपयोगी पडते. त्यांच्या लेगग्लान्सचे वर्णन इंग्लिश लेखक ‘पौर्वात्य जादू’ असे करीत. याच रणजींनी केंब्रिजमध्ये पदरचे पैसे देऊन नामांकित व्यावसायिक गोलंदाज बोलावले होते आणि जाळीत अखंड सराव केला होता. जादू म्हटली की घाम दिसत नाही. मात्र रणजी संस्थानिकांच्या घराण्यातले. ससेक्सने त्यांना १८९९पासून पाच हंगाम कर्णधार केले. वंशाने हिरावलेले काही अंशी हुद्द्याने परत दिले. बाळूंच्या पाठीशी हुद्दा नव्हता.

१४/ १९३६ : बर्लिन ऑलिंपिकमध्ये जेसी ओवेन्सने चार सुवर्णपदके जिंकली. कृष्णवर्णीयांची टाच लांब असते, पोटरीची रचना निराळी असते, म्हणून ते वेगवान, असे ‘शास्त्रीय’ खुलासे सुरू झाले. हॉवर्ड विद्यापीठातले शरीररचनाशास्त्रज्ञ माँटेग्यू कॉब यांनी ओवेन्सचीच मापे घेतली, क्ष-किरण छायाचित्रे काढली आणि त्याच वर्षी निष्कर्ष छापले. ज्या खुणा ‘निग्रो’ म्हणून सांगितल्या जात, त्या ओवेन्सच्या पायांत सापडल्याच नाहीत. गंमत अशी की त्याआधी पावो नुर्मी आणि इतर फिनिश धावपटू लांब पल्ल्याच्या शर्यती जिंकत, तेव्हा त्याचे श्रेय बहुतेक लोक चिकाटीला देत.

१५/ आपल्या सरकारनेही हा प्रयोग केला आहे. १९८०च्या दशकात भारतीय क्रीडा प्राधिकरणाने कर्नाटक आणि गुजरातमधल्या सिद्दी समाजातली मुले निवडून प्रशिक्षणाला नेली. गृहीतक असे की पूर्वज आफ्रिकेतले, म्हणजे ही मुले जन्मजात धावपटू. मुलांनी मेहनत घेतली, काहींनी पदकेही आणली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीस मात्र योजना गुंडाळली गेली आणि मुले घरी परतली. रक्तावर भरवसा ठेवणाऱ्या योजनेला माणसांच्या पुढच्या आयुष्याची फारशी चिंता नव्हती.

१६/ सिद्दींचा उल्लेख झाला की मराठवाड्यातल्या माणसाला मलिक अंबर आठवलाच पाहिजे. इथियोपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. आपण त्याला ‘शूर हबशी’ म्हणून मोकळे होतो. पण त्याने १६१०मध्ये खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवली. शहराला नहरींनी पाणी दिले. जमिनीची प्रतवारी करून महसुलाची घडी बसवली. खुलताबादला त्याची कबर आहे. तिच्यासमोर उभे राहून ‘हबशी मुळातच लढवय्ये’ असे म्हणणारे भेटतात. नहरीचा उतार काढणारे डोके कुणाचे होते, हे विचारणारे क्वचितच.

१७/ याचा अर्थ शरीराशरीरांत फरक नसतोच, असे मी म्हणत नाही. एखाद्याची उंची, एखादीचा दम उपजत अधिक असू शकतो. पण तो त्या व्यक्तीचा असतो. आपण तो एकीत पाहतो आणि सगळ्या तांड्याच्या, जातीच्या, खंडाच्या नावावर चढवतो. मग त्या नावाच्या पुढच्या मुलीला शिकवण्याची गरज उरत नाही, आणि ती हरली तर तिच्या डोक्याचा दोष निघतो. शिकवणाऱ्याकडे मात्र कुणी बोट दाखवत नाही.

१८/ गेल्या दिवाळीत गावी गेले, तेव्हा ती बाजारात भेटली. आता तिला दोन मुले आहेत. दहावीनंतर ती शाळेत आली नव्हती. बोलता बोलता मी विचारले, “तू सराव न करता एवढं कसं पळायचीस गं?” ती माझ्याकडे पाहतच राहिली. “सराव न करता? तू सहाला यायचीस ना मैदानावर? मी पाचलाच पळून घरी गेलेली असायचे. तांड्यापासून सडकेपर्यंत विजेचे खांब मोजत पळायचं, रोज एक खांब वाढवायचा. आजी उठायच्या आत पाणी भरायचं असायचं.”

१९/ म्हणजे वेळापत्रक तिच्याकडेही होते. ते तिने एकटीने आखले होते, खांबांच्या हिशेबाने. मी तिच्या बाकाशेजारी दोन वर्षे बसले आणि एकदाही विचारले नाही, कारण उत्तर मला आधीच ठाऊक आहे असे मी धरून चालले होते. लातूरच्या त्या फेरीबद्दल मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “तू काय केलंस? तू तर हरलीच होतीस.” आणि हसली. मला हसता आले नाही. पहिली फेरी राखून धावायची, हे मला माहीत होते; आदल्या रात्री तिच्या शेजारीच झोपले होते; सांगायला एक वाक्य पुरले असते.

२०/ पाळवणकर बाळू ४ जुलै १९५५ला गेले. १९३७च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि हरले, तो एक वेगळा आणि गुंतागुंतीचा धागा आहे. पुढे कधीतरी लिहीन. तोवर एक विनंती. तुमच्या शाळेत, तालमीत, गावच्या मैदानावर ज्या कुणाबद्दल ‘त्यांच्या रक्तातच असते’ असे म्हटले जाई, ती व्यक्ती अजून असेल तर तिला जाऊन विचारा की ती पहाटे किती वाजता उठत असे. उत्तर मिळाले तर इथे खाली लिहा. नाव नको, वेळ तेवढी लिहा.