रानात झोपणारा माणूस

परवा अमेरिकेतल्या भाच्याशी फोनवर बोलत होतो. वॉशिंग्टन राज्यात ऑलिंपिक द्वीपकल्पाच्या जंगलात व्हिएतनामहून परतलेले काही सैनिक वर्षानुवर्षं एकटे राहत, असं तो सांगत होता. लढाई संपली तरी त्यांना चार भिंतींत झोप येईना. या दुखण्याला तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९८० साली अधिकृत नाव दिलं, पीटीएसडी. फोन ठेवला आणि मला तलासरीकडचा एक म्हातारा आठवला. म्हातारा कसला, तेव्हा जेमतेम पंचावन्नचा असेल!

फेब्रुवारी १९८१, जनगणना. हे काम आम्हा मास्तरांच्याच गळ्यात. एका वारली पाड्यावर घरं दाखवायला पोलीस पाटील बरोबर होते. एका कुडाच्या घरापुढे त्यांनी स्वतःची ओळख सांगून हाक मारली, तर मागच्या दाराने कुणीतरी पळालं. घरातली बाई म्हणाली, "पोलीस म्हटलं का जातो तो रानात."

"रात्री येईल ना?"

"झोपतो पण तिकडंच, मास्तर."

मग हळूहळू कळलं. मे १९४५ मध्ये झरीच्या परिषदेत वारल्यांनी वेठबिगार करणार नाही म्हणून सांगितलं. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले, त्यांत जेठ्या गांगड. हा माणूस तेव्हा मिसरूड फुटलेला पोर, त्या गर्दीत होता. शेजारचा माणूस पडलेला त्याने पाहिला. पुढे रात्री पाड्यांवर पोलिसांच्या धाडी, म्हणून तरुण पोरं रानात झोपायची. बाकीचे परत आले. हा मात्र दिवसा शेतावर राबायचा, लग्न केलं, पोरं झाली, पण अंधार पडला की कांबळं घेऊन डोंगराकडे. पाड्यावर त्याला वेडा म्हणत. मीही मनात तेच म्हटलं, खोटं कशाला सांगू?

गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' मी तोवर वाचलेलं होतं. १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला, हे वर्गात सांगायचोही. पण पुस्तकातल्या लढ्याची आणि या पळालेल्या माणसाची गाठ मला घालता आली नाही. भाच्याच्या सैनिकांना निदान सैनिक तरी म्हणतात. यांच्यापाशी बिल्ला नाही, कागद नाही.

आता प्रश्न आला फॉर्मचा. घर आहे, बायको आहे, पण माणूस घरात झोपत नाही. मी सरळ कुटुंबप्रमुख म्हणून लिहून टाकलं.

नियमाप्रमाणे २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी होती. कंदील घेऊन आम्ही एसटीच्या थांब्यावर, दुकानांच्या ओट्यांवर हिंडलो. डोंगरावर सागांच्या मधून शेकोटी दिसत होती. बरोबरचे गुरुजी म्हणाले, "तिकडे कोण आहे, बघायचं का?"

मी म्हटलं, "नको. त्यांना लिहिलंय मी घरात."