काठीवरचा तंबू : महिपालगड ते पारगड

तंबू हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे लष्कराची छावणी, नाहीतर जत्रेतील नाटकमंडळीच्या कनाती उभ्या राहतात. चार गडी, दोन डझन मेखा आणि सामान वाहावयास एक गाडी, असा तो व्याप. परंतु आमच्या ह्या सीमाभागातील खेडुताने त्याहून साधा प्रकार पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेला आहे. एका बाजाराहून दुसऱ्या बाजारास हिंडणारे फिरस्ते दोन काठ्या रोवतात, त्यांच्या माथ्यावरून एक दोरी ताणतात, दोरीवर जाड कापड टाकून त्याचे कोपरे मेखांनी जखडतात, आणि पाल तयार होते. हल्ली शहरातील तरुण पाठीवर घेऊन डोंगर हिंडतात तो ‘ट्रेकिंग पोल टेंट’ म्हणजे ह्याच पालाचा नातू होय. फरक इतकाच की, नातवाच्या काठ्या निराळ्या वाहाव्या लागत नाहीत. दिवसभर ज्या काठ्या टेकीत माणूस चालतो, त्याच रात्री छपराचे खांब होतात.

ही युक्ती आजची नव्हे. आल्प्स पर्वतात नाव कमावलेले इंग्रज गिर्यारोहक आल्बर्ट ममरी आपल्या लहानशा तंबूस बर्फ फोडण्याच्या कुऱ्हाडींचेच खांब देत असत. १८९५ साली नंगा पर्वतावर त्यांचा अंत झाला, तंबूचे नाव मात्र ‘ममरी तंबू’ म्हणून मागे राहिले. पुढे थॉमस हिराम होल्डिंग नावाच्या एका शिंप्याने हलक्या तंबूंचा ध्यास घेतला आणि १९०८ साली त्या विषयावर एक जाडजूड पुस्तकच लिहिले. शिंप्याने तंबूचा विचार करावा ह्यात नवल नाही. संत पौल ह्यांच्या हातातही हाच धंदा होता, हे आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. अमेरिकेतील एमा गेटवुड ह्या आजीबाई १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, अॅपलेशियन पर्वतराजीची ३,००० किलोमीटरांहून लांब वाट एकट्या चालून गेल्या. त्यांनी तर तंबूही घेतला नव्हता. पावसाच्या आडोशाला न्हाणीघराचा एक पडदा, एवढाच त्यांचा निवारा!

परंतु अमेरिकेत आजीबाईंचे निभावले म्हणून आमच्या सह्याद्रीतही निभावेल, असे कोणी समजू नये. हा विषय आमच्यापुढे आला तोच एका आईच्या काळजीतून. तिचा मुलगा बेळगावच्या एका कारखान्यात कामास आहे. महिन्याच्या पगारातून थोडे थोडे बाजूस टाकून त्याने तंबूसाठी रक्कम जमवली होती, आणि चंदगडच्या डोंगरातून एकट्याने चार दिवस चालून यावे असा त्याचा मनोदय होता. “फादर, त्याला अडवा,” असे माउली म्हणाली. मुलगा म्हणाला, “फादर, अडवू नका; कुठला तंबू घेऊ तेवढं सांगा.” दोघांचेही म्हणणे आम्हांस वावगे वाटले नाही. गेल्या जानेवारीत आम्हांस तीन दिवसांची सवड होती, आणि एका स्नेह्याचा असाच एकाच माणसापुरता तंबू मागून मिळण्यासारखा होता. तेव्हा आधी वाट पाहावी, वस्तू पारखावी आणि मग सल्ला द्यावा, असे ठरवून आम्ही निघालो.

बेळगाव-वेंगुर्ले मार्गावर शिनोळी ओलांडून देवरवाडीस आले की वैजनाथाचे प्राचीन देऊळ लागते, आणि त्याच्या माथ्यावर महिपालगड. गडावर गाव नांदते आहे. त्यामुळे पाण्याची किंवा माणसाच्या आवाजाची वाण पडत नाही. गावकऱ्यांना विचारून आम्ही वस्तीपलीकडच्या मोकळ्या सड्यावर जागा धरली आणि पहिली मेख ठोकू लागलो. ती दोन बोटेही आत जाईना! खाली सारा जांभा दगड. त्यावर वीतभर माती असली तर असली.

ह्या जातीच्या तंबूचे खरे मर्म येथेच कळते. घुमटाकृती तंबू आपल्या वाकड्या कांबींच्या बळावर स्वतःच उभा राहतो. मेखा नसल्या तरी चालते. काठीवरचा तंबू मात्र तणाव्यांच्या ओढीवर जगतो. एक कोपरा सुटला की सारे अंग कोसळते. म्हणून सड्यावर मुक्काम करणाऱ्याने हातभर लांबीच्या जादा दोऱ्या जवळ बाळगाव्यात. प्रत्येक कोपऱ्याची दोरी एका नारळाएवढ्या दगडास बांधावी आणि त्याच्यापुढे, तंबूच्या अंगास, दुसरा जड दगड दोरीवर ठेवावा, म्हणजे ओढ लागली तरी लहान दगड मोठ्यास अडतो. गुरे राखून परतणारा एक म्हातारा धनगर खांद्यावर घोंगडी टाकून आमची ही खटपट पाहत उभा होता. शेवटी तंबू ताठ झाल्यावर तो वाकून आत डोकावला व म्हणाला, “ह्यात मानूस मावतोय व्हय, बाबा?” आम्ही आत शिरून बसून दाखविले, तेव्हा कुठे त्याची खात्री पटली.

म्हाताऱ्याचा प्रश्न मात्र लाख मोलाचा होता. दुकानदार लांबी सांगतो ती जमिनीवरची. परंतु भिंती उतरत्या असल्यामुळे झोपणाऱ्याचे डोके आणि पाय कापडास घासतात. पाच फूट आठ इंच उंचीच्या माणसाने आतली लांबी किमान सव्वादोन मीटर आहे की नाही हे मोजून घ्यावे, आणि आत मांडी घालून बसल्यावर माथा छताला टेकत नाही ना, हेही पाहावे. काठीची उंची बहुतेक तंबूंना ११५ ते १३० सेंटिमीटर लागते. चालण्याची काठी तेवढी लांब होते का, आणि तिचा जोड पिळाचा आहे की खटक्याचा, हे तपासावे. पिळाचा जोड झिजला की भाराखाली हळूहळू खाली सरकतो, खटक्याचा सहसा धरून राहतो. काठी विसरली किंवा मोडली तरी घाबरावयाचे कारण नाही. त्या मापाचा बांबू आमच्या कोणत्याही गावात मिळतो, आणि तो खांबाचे काम उत्तम करतो. शिवाय तंबू उभा ठेवून दिवसा कोठे हिंडावयाचे असेल तर असा बांबू हवाच, कारण काठ्या तर तंबूत गुंतलेल्या!

त्या रात्री वाऱ्याचाही एक धडा मिळाला. दिवसा कोकणातून दरी चढून येणारा वारा रात्री बहुधा फिरतो आणि घाटमाथ्यावरून खाली वाहू लागतो. म्हणून संध्याकाळच्या वाऱ्यास पाठ करून लावलेला तंबू मध्यरात्री तोंडावर झोत घेतो. कड्याच्या टोकावरून दिसणारा देखावा कितीही मोहक असो, झोपण्यासाठी झाडाची किंवा बांधाची आड बरी.

दुसऱ्या दिवशी काही वाट पायी, काही एस. टी.ने कापून पाटणे फाट्यावरून आम्ही कलिवड्यास पोहोचलो. वर कलानंदीगड, खाली कापणी होऊन मोकळी पडलेली भाताची खाचरे. शेताच्या धन्याने आनंदाने परवानगी दिली. येथे मेखा लोण्यात सुरी जावी तशा गेल्या. परंतु ओढ्याकाठची ती सखल जागा आणि जानेवारीची थंडी! पहाटे तीनच्या सुमारास कापडाला हात लावला तो ओलाचिंब. बाहेर दव, आणि आत आमच्याच श्वासाची वाफ. निजलेल्या माणसाच्या श्वासातून व अंगातून एका रात्रीत पाव लीटरच्या आसपास पाणी बाहेर पडते. ते थंड कापडावर थिजले की त्याचे थेंब होतात.

ह्या संकटावर दोन उपाय आहेत. एक, दुहेरी तंबू. बाहेर पावसाचे कापड, आत जाळीची खोली, मध्ये बोटभर पोकळी. म्हणजे थेंब बाहेरच्या कापडावर राहतात आणि अंथरूण कोरडे राहते. दुसरा उपाय, वारा खेळता ठेवणे. कापड जमिनीस अगदी टेकवू नये, दार थोडे उघडे ठेवावे, आणि सखल ओलसर जागेपेक्षा चार हात वरची जागा निवडावी. एकेरी तंबू दोनतीनशे ग्रॅमने हलका पडतो हे खरे. पण आमच्याकडच्या दवात आम्ही दुहेरीच पसंत करू.

आणि तळ? अमेरिकेतील कित्येक पदयात्री वजन वाचविण्यासाठी बिनतळाचे नुसते छप्पर वापरतात. आमच्या डोंगरात फुरसे आहे, इंगळी आहे, दगडाखालून निघणाऱ्या मुंग्या आहेत. येथे तळ हा जाळीला चहूबाजूंनी शिवलेलाच असावा आणि त्याच्या कडा वीतभर वर वळलेल्या असाव्यात. ह्या एका बाबतीत काटकसर नको, असे त्या मुलास आम्ही निक्षून सांगितले.

कापडाविषयी थोडेसे. सिलिकॉनचा लेप दिलेले नायलॉन मजबूत आणि त्या मानाने स्वस्त. परंतु ते ओले झाले की सैल पडते, आणि मध्यरात्री उठून तणावे पुन्हा ताणावे लागतात. पॉलिस्टर इतके सैल पडत नाही. ‘डायनिमा’ म्हणून एक कापड आहे, ते जवळजवळ कागदासारखे, पाणी न पिणारे. त्याचा तंबू अर्ध्या किलोच्या आसपास भरतो. मात्र किंमत पन्नास हजारांच्या घरात! ज्याच्या पगारावर घर चालते त्याने तिकडे पाहू नये. पॉलिस्टरचा किंवा नायलॉनचा, दुहेरी, तळाचा, सव्वा किलोपर्यंतचा तंबू त्याच्या कामास भरपूर झाला. बाजारातील सामान्य घुमटाकृती तंबू अडीच ते तीन किलो भरतात, म्हणजे निम्मे ओझे उतरलेच की! सिलिकॉनच्या कापडाच्या शिवणी पुष्कळदा घरी आपणच लेप लावून बंद कराव्या लागतात. विकत घेताना हे विचारून घ्यावे, आणि अंगणात उभारून वर दोन घागरी पाणी ओतून पाहावे. आत चूल किंवा स्टोव्ह कधीही पेटवू नये. हे कापड क्षणात वितळून अंगाला चिकटते, आणि कोंडलेला धूर जीव घेतो.

तिसरा मुक्काम पारगडचा. मोटणवाडी, इसापूर अशी वाट घाटमाथ्याच्या अगदी कडेस जाते. तीनशेहून अधिक पायऱ्या चढून वर गेले की तिळारीचे खोरे पायांखाली पसरते आणि दूर गोव्याकडचे डोंगर निळे दिसतात. हा गड शिवाजी महाराजांनी १६७६ च्या सुमारास बांधविला. तानाजी मालुसरे ह्यांचे पुत्र रायबा येथे किल्लेदार होते, आणि मालुसऱ्यांचे वंशज आजही गडावर राहतात. एवढ्या मोठ्या नावाची माणसे इतक्या साधेपणाने पाहुण्यास पाणी विचारतात, हे पाहून मन भरून येते.

आमचा विचार होता की, गडाखाली रानाच्या कडेस तंबू लावावा. गडावरील एका गृहस्थांनी तो ऐकताच मान हलविली. २००२ सालच्या सुमारास कर्नाटकाच्या रानातून हत्ती ह्या दोडामार्ग-चंदगड पट्ट्यात उतरले, आणि तेव्हापासून येथल्या माणसांना त्यांची ये-जा ठाऊक झाली. गवे तर नित्याचेच, अस्वलही आहे. केळीची बाग, उसाचा फड, पाणवठ्याची वाट, ह्या जागा रात्री जनावरांच्या. तेथे अर्ध्या किलोचा तंबू काय आणि पाच किलोचा काय! “फादर, वर देवळाजवळ लावा. आणि गूळ-केळी आत ठेवू नका, आमच्या घरात ठेवा,” असे ते म्हणाले. त्याप्रमाणे आम्ही भवानीच्या देवळापासून थोड्या अंतरावर, त्यांच्या घराच्या हाकेच्या टप्प्यात, शेवटचा मुक्काम केला. अंधार पडल्यावर, बॅटरी न लावता, एकट्याने तो तंबू किती वेळात उभा राहतो ते मुद्दाम पाहिले. दहा मिनिटे लागली. एकट्या प्रवाशाचा तंबू ह्याहून अधिक वेळ मागत असेल तर तो आम्ही घेणार नाही.

परत आल्यावर माउलीस आणि मुलास एकत्र बसवून हे सारे सांगितले. मुलाने नायलॉनऐवजी पॉलिस्टर घ्यावयाचे कबूल केले. माउलीने तीन अटी घातल्या. पावसाळ्यात जावयाचे नाही. प्रत्येक मुक्काम गावाच्या हाकेवर करावयाचा, आणि पोहोचल्याबरोबर गावातील कोणाला तरी आपले नाव सांगावयाचे. रोज संध्याकाळी जिथे फोन लागेल तिथून घरी कळवावयाचे. फोन लागला नाही तर काय, असे मुलाने विचारले. त्यावर ती म्हणाली, “मग दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा बाप पहिल्या एस. टी.ने निघेल.” बाप कोपऱ्यात विडी ओढीत बसला होता, त्याने फक्त मान डोलावली आणि पारगडास जाणारी गाडी किती वाजता सुटते, ते आम्हांस विचारले.