राजवाड्यापासून सुरुवात कर

इंदूर

चि. सायली,


तू पाठवलेला इंदूरभेटीचा कार्यक्रम वाचला. पहिला दिवस लालबागेत, राजवाड्याला अर्धा तास आणि दुसऱ्या दिवशी गाडीने मांडू. मला हे पटलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

लालबाग जरूर बघ. १८८६ मध्ये सुरू झालेला हा महाल १९२१ मध्ये पूर्ण झाला. झुंबरं, संगमरवर, बकिंगहॅम पॅलेसच्या धर्तीवरचा दरवाजा, सगळं देखणं आहे. पण तिथे गावाचा आवाज पोचत नाही. राजवाडा मात्र भर बाजारात उभा आहे. होळकरांचं इंदूर समजून घ्यायचं तर तिथूनच सुरुवात करायला हवी.

समोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे, तिथे उभी राहा आणि वाडा खालून वर सावकाश बघत जा. सात मजले आहेत. खालचे तीन दगडी, वरचे लाकडी. लाकडी मजल्यांवरचे झरोके आणि कोरीव काम बघताना मान दुखून येते, तरी नजर हलत नाही. मल्हारराव होळकरांनी १७४७ च्या सुमारास हा वाडा बांधायला घेतला. त्यानंतर त्याने किती सोसलं! १८०१ मध्ये सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटलं तेव्हा वाडा जाळला. १९८४ च्या दंगलीत पुन्हा आग लागली आणि दर्शनी भागामागचं बरंचसं बांधकाम खाक झालं. उषाराजे होळकरांच्या पुढाकाराने २००६-०७ च्या सुमारास ते पुन्हा उभं राहिलं. आत मल्हारी मार्तंडाचं मंदिर आहे. जेजुरीचा खंडोबा होळकरांबरोबर माळव्यात आला, तो इथलाच झाला. तिथे हात जोडल्याशिवाय बाहेर पडू नकोस.

संध्याकाळी कान्ह नदीकाठच्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्या बघून ये. मग रात्री सराफा बाजार. दिवसभर इथे सोन्या-चांदीचा व्यवहार चालतो. दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे शेगड्या पेटतात. रात्रभर वर्दळ राहिली तर दुकानांवर आपोआप राखण होते, म्हणून सराफांनीच या खाऊवाल्यांना जागा दिली असं इथले जुने लोक सांगतात. तू भुट्टे का कीस मागव. कोवळं कणीस किसून तुपात परततात, मग दूध घालून मंद आचेवर आटवतात. हिंग, मोहरी, हिरवी मिरची एवढाच मसाला. वरून खोबरं, कोथिंबीर आणि लिंबू. पहिल्या घासाला गोड लागतं, मिरची मागून येते. हलवायाचा हात बघत उभी राहा. तो कढईचा तळ खरवडत सतत उलथनं फिरवत असतो, क्षणभरही थांबत नाही, कारण दूध लागलं की सगळी चव गेली.

सकाळी पोहे खाताना आपल्या कांदेपोह्यांशी तुलना करू नकोस. इथले पोहे वाफेवर राहतात, वर शेव आणि जिरावन मसाला भुरभुरतात आणि शेजारी जिलेबी हवीच.

मांडू या खेपेला राहू दे, तिथे पावसाळ्यात जाऊ. मुक्काम राजवाड्याजवळ कर आणि गाडी घेऊ नकोस, लालबाग सोडली तर हे सगळं पायी फिरण्याच्या अंतरावर आहे. आणि शक्यतो डिसेंबरातच ये; गराडू हे कंद फक्त थंडीतच मिळतात.

तुझी,
मावशी