फेरेटाचें बिऱ्हाड

पाळीव प्राणी घरांत आणण्याच्या गोष्टी सुरू झाल्या म्हणजे पहिली चर्चा होते ती त्याच्या नांवाची, दुसरी त्याच्या किंमतीची. आणि तो राहणार कोठें, हा प्रश्न प्राणी दारांत येऊन उभा राहीपर्यंत बहुधा कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं. वास्तविक हा क्रम उलट असावयास पाहिजे. गाय आणण्यापूर्वीं गोठा बांधावा, ही आपल्या वाडवडिलांची साधी रीत होती. ज्याला दार उघडून बाहेर जातां येत नाहीं, ऊन लागलें तर सावलींत सरकतां येत नाहीं, गाऱ्हाणें सांगण्यास वाणी नाहीं, अशा जिवाला आपण जी जागा देऊं तीच त्याची सारी सृष्टि होऊन बसते. म्हणून ही निवड आम्ही धर्मविचारांतच गणतों.

हा विचार मनांत घोळण्यास निमित्त झालें तें असें. 2022 सालच्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां इंग्लंडांत लेस्टर शहरीं कन्येकडे गेलों होतों. आमच्या अकरा वर्षांच्या नातीनें फेरेट नांवाच्या प्राण्यांची एक जोडी पाळण्याचा हट्ट धरिला होता, आणि तिच्या आईनें तो एका अटीवर मान्य केला होता: जागा आधीं ठरावी, प्राणी मागाहून यावे. जागेविषयीं घरांत चार माणसांचीं चार मतें पडलीं. जांवईबापूंचा कल गराजकडे, नातीचा स्वतःच्या शयनगृहाकडे, कन्येचा दिवाणखान्याकडे. आणि आमच्या सौभाग्यवतींचें म्हणणें एवढेंच कीं, मांस खाणारें जनावर स्वयंपाकघराच्या व देवघराच्या वाऱ्यालाहि उभें राहतां कामा नये. वडीलकीच्या नात्यानें निवाडा आमच्याकडे आला.

वाचकांपैकीं पुष्कळांनीं हा प्राणी पाहिला नसेल. शेंपटीसह सुमारें दीड-पावणेदोन फूट लांब, आंखूड पायांचा, दाट लवेचा. प्रथमदर्शनीं मुंगूसच म्हणावें. परंतु मुंगसाचें कुळ वेगळें. फेरेटाचा खरा भाऊबंद आपल्याकडे शोधावयाचा तर कोंकणच्या खाड्यांतून दिसणारें पाणमांजर होय. युरोपांतील एका रानटी जातीपासून माणसानें दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं त्यास माणसाळविलें, तें मुख्यतः सशांच्या बिळांत सोडण्यासाठीं. प्लिनी या रोमन ग्रंथकारानें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत बॅलिआरिक बेटांतील अशा शिकारीचा उल्लेख केला आहे. त्याचें नांवहि लॅटिन भाषेंतील चोर या अर्थाच्या शब्दावरून आलेलें आहे, आणि तें सार्थ आहे. मोजा, किल्ली, चमचा, जें दांतांत धरतां येईल तें ओढून कपाटामागें दडविणें हा त्याचा नित्याचा उद्योग.

जागेचा विचार करितांना तो घरापासून सुरू न करतां देशापासून करावा, असें आम्हांस वाटतें. न्यूझीलंडांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सशांचा उपद्रव आवरण्यासाठीं फेरेट मुद्दाम नेऊन सोडण्यांत आले. त्यांनीं जमिनीवर घरटीं करणाऱ्या तेथील पक्ष्यांचा संहार आरंभिला, आणि अखेर 2002 सालीं त्यांची विक्री व पैदास कायद्यानें बंद करावी लागली. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया व हवाई या राज्यांत ते पाळण्यास आजहि मनाई आहे. ब्रिटनमध्यें तशी मनाई नाहीं. तथापि निसटलेला फेरेट शेजाऱ्याच्या कोंबड्यांचा काळ ठरतो आणि बहुधा स्वतःहि फार दिवस जगत नाहीं. तेव्हां ज्या जागेच्या भिंतीस, दारास व जमिनीस दोन बोटें रुंदीची फट असेल, ती जागा प्रथमच बाद समजावी. जेथें त्याचें डोकें शिरतें तेथून त्याचें सारें अंग पार होतें.

आतां एकेक मत पाहूं. इंग्लंडांत फेरेट परसांतील लांकडी खुराड्यांत ठेवण्याची चाल जुनी आहे, व सावली, कोरडेपणा आणि वाऱ्यापासून आडोसा असेल तर ती वाईट नाहीं. गराजची गोष्ट मात्र निराळी. तेथें मोटारीचा विषारी धूर कोंडतो. थंडींत यंत्रांतील पाणी गोठूं नये म्हणून घालतात तें गोडसर चवीचें विषारी द्रव्य जमिनीवर सांडलेलें असूं शकतें. आणि उन्हाळ्यांत पत्र्याच्या दारामुळें सारी कोठडी तापून निघते. फेरेटाला घामावाटें अंग निववितां येत नाहीं. 15 ते 21 अंशांत तो सुखी असतो. 27 च्या पुढें त्याला त्रास होऊं लागतो आणि तीस अंशांच्या आसपास प्राणावर बेततें. आमचा हा खल चालू असतांनाच त्या वर्षीं 19 जुलैला लिंकनशायर परगण्यांतील कॉनिंग्ज्बी येथें पारा 40.3 अंशांवर गेला. इंग्लंडांत इतकें तापमान पूर्वीं कधींहि नोंदलें गेलें नव्हतें. त्या दुपारीं जांवईबापू गराजांतून कांहीं हत्यार आणावयास गेले, ते क्षणभरांतच घामाघूम होऊन परत आले आणि आपला पक्ष त्यांनीं आपण होऊन सोडला.

नातीचें शयनगृह हा दुसरा पक्ष. येथें प्रेम पुष्कळ, पण सोय अल्प. फेरेट दिवसाचे चौदा ते अठरा तास झोंपतो हें खरें. परंतु त्याची जागृति पहाटेस व तिन्हीसांजेस विशेष असते, म्हणजे शाळेंत जाणाऱ्या मुलीची झोंप मोडणारच. खोडरबर, बाहुल्यांचे रबरी जोडे, स्पंजाचे तुकडे हे त्याला अत्यंत आवडतात. ते गिळले कीं आंतडें तुंबतें, आणि मग शस्त्रक्रियेवांचून उपाय नसतो. याहून महत्त्वाचें कारण असें कीं, या प्राण्याचें आयुष्य साधारण सहा ते आठ वर्षांचें. आज अकरा वर्षांची नात तोंवर अठरा-एकोणीस वर्षांची होऊन शिक्षणासाठीं परगांवीं गेलेली असेल. जो प्राणी एकाच माणसाच्या खोलींत वाढला, तो त्या माणसाच्या मागें, रिकाम्या खोलींत म्हातारा होईल. घरांतील प्राणी हा घराचाच असावा, एका खोलीचा नसावा.

दिवाणखान्याच्या बाजूनें पुष्कळ बोलण्यासारखें होतें. सारीं माणसें तेथें बसतात, म्हणजे सोबत आयतीच. परंतु तेथील मोठी खिडकी दक्षिणेची. दूरचित्रवाणीचा गलबला रात्रीं उशिरापर्यंत. आणि पाठ मागें टाकून पाय पुढें येणाऱ्या ज्या खुर्च्या हल्लीं घरोघर असतात, त्यांच्या सांध्यांत शिरून चिरडलेल्या फेरेटांच्या हकीकती तेथील पशुवैद्य सांगतात. शिवाय दिवाणखान्यांत पाहुणे येतात, ते सर्दी-पडसें घेऊन येतात. माणसाचा इन्फ्लुएंझा फेरेटास होतो, व फेरेटाचा माणसास. 1933 सालीं लंडनच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेंत स्मिथ, अँड्र्यूज व लेडलॉ या त्रयीनें त्या रोगाचा विषाणु ओळखिला तो फेरेटांच्याच साहाय्यानें. आणि पुढें एक आजारी फेरेट तोंडावर शिंकल्यामुळें स्टुअर्ट-हॅरिस या संशोधकास तोच ज्वर जडला. ज्या जिवानें मनुष्यजातीसाठीं एवढें सोसलें, त्याला आपल्या शिंकांपासून दूर ठेवणें हें किमान कर्तव्य होय.

राहिलें स्वयंपाकघर. तेथें त्यांना ठेवावें असें कोणीच सुचविलें नव्हतें. पण त्यांच्या अन्नाचा प्रश्न तेथेंच येऊन ठेपला. फेरेट हा निखालस मांसाशी प्राणी आहे. त्याचें आंतडें आंखूड. खाल्लेलें अन्न तीन-चार तासांत बाहेर पडतें. धान्य व भाजीपाला पचविण्याची शक्ति त्याला जवळजवळ नाहीं, आणि दुधानें त्याचें पोट बिघडतें. त्यास दूधभातावर वाढवूं, असें सात्त्विक बुद्धीनें म्हणणारीं माणसें आम्हांस भेटलीं. त्यांच्या हेतूविषयीं आदर बाळगूनहि आम्हांस म्हणावेंसें वाटतें कीं, दुसऱ्याच्या देहधर्मास उपाशी ठेवून आपली अहिंसा पाळणें ही अहिंसेची विटंबना होय. ज्याला त्याचें अन्न देणें मनास रुचत नसेल, त्यानें तो प्राणी घरांत आणूंच नये. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

हें सर्व आम्हीं सौभाग्यवतींपुढें मांडिलें तेव्हां त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. पंचतंत्रांतील ब्राह्मणी आणि तिनें अविचारानें मारलेला नकुल ही कथा आम्हीं वर्षानुवर्षें वर्गांत शिकविली, ती घरींहि अनेकदां ऐकिली गेली होती. शेवटीं त्या म्हणाल्या, "त्याचें अन्न त्याला द्या. पण त्याची वाटी वेगळी, फडताळ वेगळें, आणि धुवावयाची ती परसांतल्या नळावर." हा निर्णय आम्हांस कोणत्याहि धर्मशास्त्राइतकाच समंजस वाटला. कोरड्या खाद्याचा डबा मागील दारच्या फडताळांत गेला, आणि स्वयंपाकघराचें सोवळेंहि अबाधित राहिलें.

अखेर निवड झाली ती उत्तरेकडील लहान खोलीची. जिन्यासमोर जांवईबापूंचें लिहिण्याचें टेबल असलेली ही खोली थंड व कोरडी. ऊन तेथें थेट येत नाहीं. जमीन पुसून घेण्याजोगी. दार घट्ट लागणारें. येतांजातां प्रत्येकाचें पाऊल तेथून वाजतें, पण कोणाच्या पायांखालीं येण्याची भीति नाहीं. सोबत आणि शांतता या दोन्हींचा जेथें मेळ पडतो तीच जागा उत्तम. दोन फूट लांब, दोन फूट रुंद व दीड फूट उंच हें पिंजऱ्याचें किमान माप अमेरिकन पशुवैद्यकांच्या ग्रंथांतून दिलेलें असतें. नातीसाठीं आणलेला पिंजरा याच्या दुप्पट उंच, मजल्यामजल्यांचा होता. तळ सपाट व भरीव असावा, कारण तारेच्या जाळीनें पाय दुखावतात. हे प्राणी पाठीमागें सरकत कोंपऱ्यांतच मलविसर्जन करितात, म्हणून एका कोंपऱ्यांत तबक व त्याच्या समोरच्या कोंपऱ्यांत अंथरूण असावें. निजण्यास त्यांना झोळी फार प्रिय. ती सौभाग्यवतींनीं आपल्या जुन्या सुती पातळाची शिवून दिली, आणि नखें अडकूं नयेत म्हणून तिच्या कडा दुहेरी दुमडल्या. जें जनावर देवघराच्या वाऱ्यालाहि नको होतें, त्याची झोळी त्याच हातांनीं शिवली गेली, हें आम्ही मुकाट्यानें पाहिलें.

पिंजऱ्याचें दार रोज निदान तीन-चार तास उघडें राहिलें पाहिजे, हें मात्र कोणीं विसरूं नये. पिंजरा ही निजण्याची जागा, जगण्याची नव्हे. नातीनें त्या तासांचें वेळापत्रक लिहून खोलीच्या दारावर लाविलें: सकाळचा तास तिचा, सायंकाळचे दोन सर्वांचे, रात्रींचा वडिलांचा. तें वाचून आमची खात्री पटली कीं, खोलीपेक्षां अधिक मोलाची अशी दुसरी जागा त्या जोडीस मिळाली आहे. आणि ती घरच्या दिनचर्येंत आहे.

हें वाचून आपल्याकडील कोणा नातवंडाच्या मनांत तसाच हट्ट उपजेल, म्हणून दोन शब्द. ज्या नागपुरांत वैशाखांत पारा पंचेचाळीसावर जातो, तेथें या थंड प्रदेशच्या जिवास ठेवणें म्हणजे अहोरात्र यंत्रानें गार केलेल्या खोलींत त्याला बंदिवान करणें होय. आणि वीज गेली कीं त्याच्या जिवास धोका. त्याऐवजीं मुंगूस पाळावें म्हटलें तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तें वर्ज्य आहे, आणि तें योग्यच आहे. मुंगसाची जागा आपल्या कुंपणाबाहेर, झुडपांत आहे. ती तशीच राखणें हाच त्याचा उत्तम सांभाळ. कांहीं जिवांना घरांत जागा द्यावी, कांहींना घराबाहेर राहूं द्यावें, आणि कोणाला कोठें हें त्यांच्या देहधर्माकडे पाहून ठरवावें. एवढा विवेक मुलांच्या अंगीं बाणला, तर प्राणी घरांत येवो वा न येवो, हट्टाचें सार्थक झालें असें आम्ही म्हणूं.