दीड इंच माया

माया मोजता येते, हे मी आईच्या शिवणाच्या मशीनपाशी बसून शिकले. टिपेच्या पलीकडे, कपड्याच्या आतल्या अंगाला जे जास्तीचं कापड राखून ठेवतात, ती माया. शिंपी अर्धा इंच ठेवतो. रेडीमेडवाले नखाएवढीही ठेवत नाहीत, इंटरलॉक मारून मोकळे होतात. आई दीड इंच ठेवायची. "अंग काय एका जागी बसतंय की?" असं म्हणत खडूने दुसरी रेघ ओढायची, आणि कात्री चालायची ती त्या दुसऱ्या रेघेवरून.

आमचं सोलापूर म्हणजे दुसऱ्यांना पांघरूण घालणारं गाव. 1877 साली इथे पहिली कापड गिरणी सुरू झाली. तिला आम्ही जुनी मिल म्हणतो. ती कधी काळी नवी होती, हे लक्षात ठेवायला कुणाला सवड नाही. गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले, पण पूर्व भागातल्या गल्ल्यांत मागांची खडखड उरली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी चादर अशी काही विणली, की मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांकडे जाताना सोलापूरकर दुसरं काही नेतच नाही. पुढे चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकनही मिळालं. आता त्यात गणवेशांची भर पडली आहे. कुठल्या कुठल्या गावची पोरं आमच्याकडे शिवलेला शर्ट घालून प्रार्थनेला उभी राहतात.

आणि ज्या गावाचा धंदाच सगळ्यांना एकसारखं दिसायला लावायचा, त्याच गावात घरोघरी आपलं कापड जरा निराळं दिसावं म्हणून केवढा खटाटोप!

माझा निळा स्कर्ट आईने पाचवीत शिवला आणि मी तो आठवीपर्यंत घातला. दर जूनला ती खालची दुमड उसवायची, इस्त्री फिरवायची, पुन्हा तुरपाई घालायची. जुन्या दुमडीची गडद रेघ मात्र कशानेच जायची नाही. तीन वर्षांत अशा दोन रेघा उमटल्या. मला त्यांची भारी लाज वाटे. मग एका सुट्टीत आईने त्या दोन्ही रेघांवरून पांढऱ्या दोऱ्याने साखळी टाका घातला, लांबून कुणी पाहिलं तर मुद्दाम लावलेली लेसच वाटावी. वर्गातल्या दोघीतिघींनी आपापल्या आयांकडे तशाच रेघांचा हट्ट धरला. शाळेला ते खपलं नाही, आम्हाला टाके उसवावे लागले, ते सोडा. पण अडचणीवरूनच नक्षी काढायची असते, ही तिची रीत माझ्या डोळ्यांत बसली ती तिथेच.

कापड आणायला चाटी गल्ली. चाटी म्हणजे कापडवाला. शब्द बोलण्यातून गेला, गल्लीच्या पाटीवर राहिला. आई दुकानदाराच्या गादीवर ऐसपैस बसून कटपिसांचा ढीग उपसायची. एका मीटरला तीन बोटं कमी भरलेला तुकडा म्हणजे तिच्या लेखी लॉटरी. "ह्यात ब्लाउज बसत नाही की ताई," दुकानदार म्हणायचा. आई कापड डोळ्यांसमोर धरून मनातल्या मनात ते कापायची: पाठ इथे, बाह्या उलट्या, काखेचा तुकडा त्या कोपऱ्यातून. बसायचाच. बसला नाही तर पाठीला खणाची पट्टी जोडून बसवायचा, आणि बायका ती पट्टी बघून विचारायच्या, ही फॅशन कुठली?

आमच्या गावात हौसेचा खरा हंगाम संक्रांतीचा. इकडे बोरन्हाणासाठी काळी झबली निघतात. बाळ चार बोटं लांबीचं, पण काळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याचे पतंग, टिकल्या, गळ्यात हलव्याचा हार. तिकडे सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी घरातल्या पुरुषांच्या बाराबंद्या ट्रंकेतून बाहेर येतात. पांढरीशुभ्र, छातीवर एकावर एक पदर घेऊन बंदांनी बांधायची. बटण नाही, काज नाही. बाराबंदी घालून हजारो माणसं नंदीध्वजांबरोबर चालतात, तेव्हा रस्ता धुऊन वाळत घातल्यासारखा दिसतो. तो गणवेशच म्हणायचा. तरी प्रत्येकाची गाठ वेगळी. माझ्या भावाला गेल्या दहा वर्षांत पोट सुटलं, नोकरी बदलली, केस गेले. बाराबंदी तीच आहे. बंद जरा सैल बांधतो इतकंच.

हे सगळं पाहिलेल्या मुलीने चादर कापायला घ्यावी, यात नवल नाही. कपाटात एक कोरी चादर होती, लाल आणि पांढरी, मोरांची. अंगावर घ्यायला जड, देऊन टाकायला जिवावर येणारी. म्हटलं, हिचं जॅकेट करू.

सोलापुरी चादरीवरचं चित्र छापलेलं नसतं, ते कापडाच्या हाडातच विणलेलं असतं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर फिरते आणि कुठला उभा धागा कधी उचलायचा ते ठरवते. 1804 च्या सुमारास फ्रान्समधल्या जॅकारने ही युक्ती पक्की केली, अन् तिच्या जोरावर आमच्याकडे मोर नाचू लागले. चादरीला उलट बाजू नसते, रंगांची अदलाबदल तेवढी होते: इकडे पांढऱ्यावर लाल मोर, तिकडे लालावर पांढरा. अंथरायला हे सोयीचं. शिवायला घेतलं की घात.

मी आधी चादर मिठाच्या पाण्यातून काढली, वाळवली, जमिनीवर पसरली. आईच्या जुन्या ब्लाउजची मापं घेऊन जॅकेट शिवता येत नाही हे समजायला एक वर्तमानपत्र खर्ची पडलं. कापलेल्या कडांतून धागे असे सुटायला लागले की फरशीवर लाल-पांढरा पाऊस. मशीनमध्ये 14 नंबरची सुई होती. खांद्यापाशी चार थर एकत्र आले तशी ती मोडली. 18 नंबरची आणली. तरीही जाड जागी पायडल सोडून हाताने चाक फिरवत एकेक टाका घालावा लागला. कडांना जुन्या खणाच्या उरेब पट्ट्या लावल्या. चादरीच्या कोपऱ्यात विणलेलं कारखान्याचं नाव मुद्दाम पाठीवर, खालच्या बाजूला आणलं. निर्माता आत का लपावा?

घालून आरशापुढे उभी राहिले तेव्हा कळलं, दोन पुढ्यांपैकी एक उलटा बसलाय. डाव्या छातीवर लाल मोर, उजव्या छातीवर पांढरा. दोन रात्री जाऊन हे असं! उसवायला बसणार तोच आई आली. चष्मा पुसला, लांबून पाहिलं, जवळून पाहिलं. "खिसे पण तसेच उलटसुलट लाव, म्हणजे चूक आहे हे कळायचं नाही," म्हणाली. मी लावले.

पहिल्यांदा ते घालून बाहेर पडले तर शेजारच्या अक्कांनी अंगणातच अडवलं. त्यांच्या घरी दोन पिढ्या माग होता. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी कांड्या भरल्यात, त्यामुळे त्या कापड आधी बोटांनी बघतात. शिलाईबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. दाटपणा चाचपला, पोत उलटा करून पाहिला, मग काखेखालच्या शिवणीवर त्यांचं बोट थांबलं.

"ह्या मोराची मान कुठं गेली गं?"

खरंच. पिसारा पाठीवर होता, चोच पुढ्यावर, मधली मान नाहीशी. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी जॅकेट काढलं, उलटं केलं, शिवण उकलून दाखवली. दीड इंच मायेत मान दुमडून बसली होती, अख्खी.

अक्कांनी ती बोटाने सरळ केली, पुन्हा होती तशी दुमडली. मग माझ्या कमरेकडे एक नजर टाकली.

"असू दे. दोन वर्षांत निघंल बाहेर."