सबुरीचं पोर

आमच्या धाकट्याचं ऑपरेशन झालं त्या रात्री तो रडला नाही आणि आम्ही खूश झालो. ही आमची चूक होती. ती लिहावी असं बरीच वर्षं मनात होतं. आपल्या घराघरांतून ही चूक होत असते, म्हणून आज लिहीत आहोत.

२०१७ चा डिसेंबर. धाकटा साडेतीन वर्षांचा होता. आंघोळ घालताना त्याच्या उजव्या जांघेत फुगवटा दिसायचा. रडला, खोकला की वाढायचा. झोपला की बसायचा. मिरजेला लहान मुलांच्या सर्जनांना दाखवलं. ते म्हणाले, हर्निया आहे, आपोआप जाणार नाही. आतडं अडकून धावपळ करावी लागण्यापेक्षा आत्ताच ऑपरेशन करून घ्या. सोबत आलेल्या दादींनी लगेच विचारलं, "डॉक्टरसाहेब, मुसलमानी पण त्यातच होईल का?" डॉक्टर हसून म्हणाले, "होईल, एकाच भुलीत दोन्ही."

आम्हा दोघांना हायसं वाटलं. का वाटलं, ते मात्र आम्ही एकमेकांना सांगितलं नाही. त्यामागे थोरल्याची गोष्ट होती आणि ती घरात कुणी काढत नसे.

थोरल्याची सुंता २००८ साली गावी झाली. तो तेव्हा पाच वर्षांचा. नवा कुर्ता, गळ्यात फुलांचा हार, दारात मांडव, शिजणाऱ्या बिर्याणीचा वास. मग आतल्या खोलीत खलिफा आले. खलिफा म्हणजे आमच्याकडचे हजाम, वडिलांपासून हेच काम करत आलेले, हाताला सफाई असलेले. मामूंनी पोराला मांडीवर घट्ट धरलं. "वर बघ, वर! सोने की चिडिया उडी!" पोरानं वर पाहिलं. भूल नव्हतीच. बाहेर बायकांनी गाण्याचा आवाज चढवला. आमच्यापैकी एकीनं कानांवर हात ठेवले, एक जण पाहुण्यांना पान देत राहिला. जखमेवर जाळलेल्या कापडाची राख लावली. आठ-दहा दिवसांत पोर अंगणात खेळू लागलं आणि आम्ही म्हणालो, झालं, मुलं विसरतात.

धाकट्याच्या वेळी असं काही नव्हतं. भूल देणाऱ्या डॉक्टरबाई आदल्या दिवशी आमच्याशी दहा मिनिटं बोलल्या. "तो झोपल्यावर माकडहाडापाशी एक इंजेक्शन देईन. त्यानं कमरेखालचा भाग काही तास बधिर राहील. जागा होईल तेव्हा शांत असेल, पण ती शांतता इंजेक्शनची. दुपारनंतर उतरेल. उतरायच्या आधीच दुखण्याचं सिरप सुरू करा." आम्ही माना डोलावल्या. संध्याकाळी घरी सोडताना कागद समजावणाऱ्या सिस्टर घाईत होत्या. त्या म्हणाल्या, "दुखलं तरच द्या." दोन सल्ल्यांतला आम्हाला सोपा वाटला तो आम्ही उचलला.

घरी आलो. शेजारपाजारच्या बाया बघायला आल्या. पोर पडून होतं, पंख्याकडे बघत. दादी कौतुकानं सांगत होत्या, "क्या सबरवाला बच्चा है, माशाल्ला! एक आवाज नै." एका शेजारणीनं मोठ्या माणसांची दुखण्याची गोळी आणली, म्हणाली, अर्धी द्या. ती आम्ही दिली नाही, तेवढी बुद्धी झाली. सात वाजता घरातल्या तापाच्या जुन्या सिरपमधलं अर्धा चमचा दिलं. औषध जास्त नको, पोर लहान आहे, असा आमचा हिशेब.

त्यानं गुडघे पोटाशी घेतले होते. उशाशी ठेवलेला लाल ट्रॅक्टर त्यानं मागितला नाही. पाणी मागितलं नाही. ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं, ते सोडत नव्हता. हे सगळं आम्ही पाहिलं आणि म्हणालो, किती शहाणा!

रात्री अडीच वाजता त्याला लघवी झाली, तेव्हा तो असा किंचाळला की भिंतीपलीकडचे जागे झाले. आम्ही दोघं गडबडलो. दारात थोरला उभा होता, चौदा वर्षांचा, चेहरा पांढराफटक.

"त्याला संध्याकाळपासून दुखतंय. तुम्हाला दिसत नाही का?"

"अरे, तो रडत नव्हता."

"मीपण दुसऱ्या दिवशी रडलो नव्हतो. रडलो की सगळे हसायचे. म्हणायचे, मर्द का बच्चा है."

नऊ वर्षांत त्यानं हे पहिल्यांदा बोलून दाखवलं. आम्हाला वाटलं होतं, तो विसरला.

कागदावरच्या नंबरला फोन लावला. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी शांतपणे विचारलं : चेहरा आक्रसलेला आहे का? पाय आखडलेत की मोकळे? अंग ताठ आहे का? रडतो की कण्हतो? उचलून घेतल्यावर, बोलल्यावर शांत होतो का? या पाच प्रश्नांची एक पद्धतच आहे, हे नंतर कळलं. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी ती बसवली आणि १९९७ साली प्रसिद्ध केली. ज्या मुलांना आपलं दुखणं सांगता येत नाही त्यांच्यासाठी ती आहे. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते दोन गुण, सगळे मिळून दहा. पाचांतला रडण्याचा प्रश्न एकच, आणि आम्ही नेमका तेवढाच धरून बसलो होतो.

मग त्यांनी औषधाचा हिशेब विचारला. आमची जुनी बाटली ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉलची होती. डॉक्टरांनी लिहून दिलेली २५० ची, ती पिशवीतून बाहेरही काढली नव्हती. पोराचं वजन १४ किलो. त्याला लागणार होतं एका वेळी सुमारे २०० मिलिग्रॅम. आम्ही दिलं साठ-बासष्ट. डॉक्टर म्हणाले, "कमी दिलं म्हणजे जपलं असं होत नाही. वजनाप्रमाणे, बाटलीसोबतच्या मापानं, दर सहा तासांनी द्या. चोवीस तासांत चार वेळांच्या वर मात्र नको, यकृताला त्रास होतो. सर्दीच्या सिरपमध्येही हेच औषध असतं, ते वेगळं देऊ नका." नव्या बाटलीतलं ४ मिलिलिटर दिलं. पाऊण तासानं त्याचे गुडघे हळूहळू सरळ झाले. मूठ सुटली. पहाटे त्यानं ट्रॅक्टर मागितला, तेव्हा आमच्यापैकी एकीला रडू आवरलं नाही.

पुढचे तीन दिवस घर घड्याळावर चाललं. थोरल्यानं वहीच्या पानावर तक्ता केला : सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा. डॉक्टरांना विचारून मध्ये खाण्यानंतर आयबुप्रोफेनही सुरू केलं. दुखणं एकदा चढलं की उतरवायला वेळ लागतो. चढूच दिलं नाही तर थोडक्यात भागतं, हे तेव्हा कळलं. थोरल्यानं एका कागदावर सहा गोल तोंडंही काढली, पहिलं हसरं, शेवटचं रडणारं, आणि धाकटा बोट ठेवून दाखवायचा. ही युक्तीही जुनी आहे. अमेरिकेतल्या ओक्लाहोमात डोना वाँग आणि कॉनी बेकर या दोघींनी १९८० नंतरच्या वर्षांत मुलांकडूनच असे चेहरे काढून घेतले होते.

आणि दादी? त्यांनी आढ्याला दोरी बांधली, तिला लुंगीचं मधलं टोक अडकवलं. कापड तंबूसारखं वर राहिलं, जखमेला लागेना. "हमारे जमाने में यही करते थे," त्या म्हणाल्या. सर्जनांनी पाहून मान डोलावली. जुन्या लोकांना दुखणं कळत नव्हतं असं म्हणायची आमची तयारी नाही. त्यांच्याकडे दोरी होती, गाणी होती, चिडिया होती. औषध नव्हतं. आमच्याकडे औषध होतं, तरी ते पिशवीत राहिलं.

पुढे आम्ही वाचत गेलो. तान्ह्या बाळांना दुखणं नीट कळत नाही, असं मोठमोठे डॉक्टरही १९८० नंतरच्या काळापर्यंत मानत. अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर केवळ हालचाल थांबवणारं औषध देऊन शस्त्रक्रिया होत. १९८५ साली अमेरिकेत आपल्या बाळाच्या बाबतीत असं घडल्याचं कळल्यावर एका आईनं आवाज उठवला. १९८७ साली डॉ. कंवलजीत आनंद या भारतीय वंशाच्या डॉक्टरांनी ऑक्सफर्डमध्ये केलेल्या कामातून दाखवून दिलं, की अशा बाळांना शस्त्रक्रियेच्या वेळी वेदनाशामक दिलं तर त्यांच्या शरीराला बसणारा धक्का कमी होतो आणि नंतरची गुंतागुंतही कमी होते. आणखी एक गोष्ट वाचून आम्ही बराच वेळ गप्प बसलो. १९९७ साली कॅनडातल्या संशोधकांनी चार-सहा महिन्यांच्या मुलग्यांना लस टोचताना पाहिलं. ज्यांची सुंता जन्मानंतर लगेच झाली होती ते न झालेल्यांपेक्षा जास्त कळवळले. ज्यांना त्या वेळी बधिर करणारं मलम लावलं होतं ते त्या मानानं कमी. बाळाला आठवण सांगता येत नाही, पण अंग ती ठेवतं.

आपल्यात सबर या शब्दाला फार मान आहे, तो असावाच. पण सबर हा मोठ्या माणसानं स्वतःच्या दुखण्यावर करायचा. साडेतीन वर्षांच्या पोराच्या वतीनं आपण सबर कसा करणार? नमाज लांबवायचा विचार असताना मुलाचं रडणं कानी आलं तर पैगंबर साहेब ती आटोपती घेत, कारण आईच्या जिवाची घालमेल त्यांना ठाऊक होती. हे आपण लहानपणापासून ऐकतो. रडणं ऐकून नमाज आखूड होते, आणि आम्ही बायकांच्या गाण्याचा आवाज चढवला होता.

आज कुणी विचारलं तर आम्ही एवढंच सांगतो. ऑपरेशनच्या आधी विचारा : भूल कोण देणार, तिचा असर कधी उतरणार, पहिला डोस किती वाजता? औषध वजनावर लिहून घ्या. ॲस्पिरिन मुलांना देऊ नका. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना देण्यावर आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे. कोडीनही त्यांना नको. मोठ्यांच्या गोळीचा तुकडा तर नकोच. औषध देऊनही दुखणं वाढलं, लघवी होत नसली, रक्त थांबत नसलं, ताप आला, तर सकाळची वाट पाहू नका. आणि पोर गप्प असेल तर त्याचे पाय बघा, मूठ बघा, खेळण्याकडे हात जातो का ते बघा.

थोरल्याची आम्ही माफी मागितली, पण त्याला दोन वर्षं लागली. तो मान खाली घालून ऐकत होता. म्हणाला, "जाऊ द्या, तुम्हाला तरी कुठं माहीत होतं." मग थोडं थांबून म्हणाला, "पण तुम्ही बाहेर होता, ते आठवतं मला."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. मागच्या वर्षी फुफीच्या नातवाची सुंता ठरली. आम्ही बोलण्याआधी तोच गाडी काढून दवाखान्यात विचारायला गेला. भुलीचं पक्कं करून आला आणि फुफीला म्हणाला, "आत पोराजवळ एक जण घरचं थांबेल. मी थांबतो."