आवाजाचे वर्णन

मागील घटकात आपण अभ्यस्त शब्दांचे प्रकार पाहिले. खडखड, भकभक, घरघर, धडधड असे अनुकरणवाचक शब्द परीक्षेसाठी पाठ केले जातात आणि मग विसरले जातात. बोलण्याला रंगत आणणारे शब्द, एवढेच त्यांचे मोल बहुधा मानले जाते. प्रसंगी त्यांच्यावर किती भार पडू शकतो, याचा एक अनुभव आपणांस सांगावासा वाटतो.

काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात मी रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावी होतो. आईला फुप्फुसांचा जुना विकार होता. हवेतून प्राणवायू वेगळा करणारे, सुमारे 350 वॉट विजेवर चालणारे यंत्र तिच्या उशाशी अखंड चालू असे. एका रात्रीच्या वादळात झाडे पडून वीज गेली, रस्ताही बंद झाला. हाताशी दीड हजार लिटरचा एक सिलिंडर होता. मिनिटाला 2 लिटर या हिशेबाने तो बारा तास पुरणार होता. शेजाऱ्यांनी गणपतीच्या रोषणाईसाठी घेतलेला पेट्रोलचा जनरेटर आणून दिला. तो सुरू झाला, परंतु त्याची गती एकसारखी राहीना. दिवे मोठे होत, मंदावत आणि आईचे यंत्र धोक्याची शिटी वाजवून बंद पडे.

तालुक्याच्या गावचे एक मिस्त्री फोनवर भेटले. त्यांचा पहिला प्रश्न होता, “सर, घरात नाही ना लावलाय? धूर आत येता कामा नये.” जनरेटर अंगणात, खिडक्यांपासून लांब, पत्र्याच्या आडोशाला होता. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. बंदिस्त जागेत तो माणसाचा जीव घेतो. म्हणून हा प्रश्न नेहमी पहिलाच असला पाहिजे.

दुसरा प्रश्न असा : “आवाज कसा येतोय? मधे मधे खोकतंय, की दम लागल्यासारखं वर-खाली होतंय?”

मित्रहो, या प्रश्नात निदानाची अर्धी वाट सामावलेली आहे. अनियमितपणे ‘फट्’ करून खोकणारे इंजिन बहुधा ठिणगीची तक्रार सांगत असते. त्याला मिस्त्री ‘मिसिंग’ म्हणतात. ठरावीक लयीत ‘घूंऽ-घूं-घूंऽ’ असे चढणारे-उतरणारे इंजिन बहुधा इंधनासाठी उपाशी असते. आपल्याकडील विजेची वारंवारिता 50 हर्ट्झ. ती राखण्यासाठी अशा साध्या जनरेटरचे इंजिन मिनिटाला सुमारे 3000 फेरे घेते व त्यावर गव्हर्नरचा पहारा असतो. पेट्रोल कमी पडले की गती घटते; गव्हर्नर झडप उघडतो; गती एकदम वाढते; तो झडप मिटतो; गती पुन्हा घटते. आमचे इंजिन खोकत नव्हते, त्याला दम लागत होता.

“मग प्लगला हात लावू नका. अर्धा चोक ओढा.” चोक ओढताच हवा कमी झाली, पेट्रोलचे प्रमाण वाढले आणि आवाज समेवर आला. हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत होते, हे सिद्ध झाले. पुढे एकेक शक्यता तपासली. टाकीचे झाकण सैल केले. फरक नाही, म्हणजे झाकणाचे छिद्र मोकळे. कार्बोरेटरच्या जोडावरचे नट घट्ट होते, म्हणजे तिथून हवा ओढली जाण्याचा संभव कमी. इंजिन बंद करून, ते निवल्यावर नळी सोडली. पेट्रोलची धार सलग आली, म्हणजे टाकी, कॉक व जाळी ठीक. उरला कार्बोरेटर.

आपण ध्वनिविचारात काय करतो ते आठवा. ‘काळ’ आणि ‘गाळ’ या न्यूनतम युग्मात एकच ध्वनी बदलतो, उर्वरित सारे तसेच राहते. म्हणूनच अर्थभेद कशामुळे झाला हे निश्चित सांगता येते. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर काहीच सिद्ध होत नाही. मिस्त्रींनी ही पद्धत कोणत्याही पुस्तकात वाचलेली नव्हती, पण तिचे पालन ते काटेकोरपणे करीत होते.

कार्बोरेटरची वाटी उघडली. तळाशी पिवळसर चिकट गाळ आणि पाण्याचे थेंब होते. मागच्या गणपतीपासूनचे पेट्रोल होते ते. साठवलेले पेट्रोल कालांतराने चिकट होते, आणि त्यात मिसळलेले इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. पितळी जेट काढून विजेरीसमोर धरला, तर छिद्रातून उजेड दिसेना. “तांब्याच्या वायरीचा एकच तंतू घाला. सुई नको, भोक मोठं होईल.” तसे केले, वाटी पुसली, ताजे पेट्रोल भरले. चोक पूर्ण मोकळा ठेवूनही इंजिन एका लयीत चालू लागले. तेव्हा सिलिंडरमध्ये सुमारे तीन तासांचा प्राणवायू शिल्लक होता.

त्या रात्री मिस्त्रींना इंजिन दिसत नव्हते. मराठीतून केलेले त्याच्या आवाजाचे वर्णन तेवढे त्यांच्यापर्यंत पोहोचत होते. जनरेटरसोबतची पुस्तिका इंग्रजीत होती. ‘खोकणे’ आणि ‘दम लागणे’ यांतील भेद मात्र कारागिरांच्या बोलीत होता. असे शब्द परिभाषाकोशांत क्वचितच नोंदले जातात आणि वापरणारी पिढी गेली की तिच्याबरोबर जातात.

आपल्यापैकी अनेकजण नोकरी-व्यवसाय सांभाळून शिकत आहात. कोणी गॅरेजात, कोणी गिरणीत, कोणी शेतपंपावर काम करीत असाल. आपल्या कामाच्या ठिकाणी यंत्राच्या बिघाडासाठी वापरले जाणारे दहा शब्द ऐका व स्वाध्यायवहीत लिहा. प्रत्येक शब्दापुढे तो कोणता आवाज दाखवतो आणि तो ऐकल्यावर कारागीर प्रथम काय तपासतो, हे नोंदवा. ही नोंद शब्दसंग्रह तर ठरेलच. अडलेल्या वेळी कुणाच्या तरी ती उपयोगीही पडेल.